शिट्टी न वाजवणारा कोच, आणि आमच्या फ्रिजवरचा फॉर्म

गारठलेला_सातारकर

गेले तीन आठवडे आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली एक फॉर्म लटकतोय. चिरंजीव यंदा नववीत जाणार आणि त्यांना शाळेच्या फुटबॉल टीममध्ये जायचंय. फुटबॉल म्हणजे आपला नव्हे, इकडचा. अंड्यासारखा चेंडू, डोक्याला हेल्मेट, खांद्यावर पॅड, आणि चेंडूवाल्याला धरून आडवा पाडणे हाच धर्म. फॉर्मवर पालकांची सही लागते, आणि आमच्या घरात पालक म्हणजे ही. तिचं म्हणणं, "गुडघा फुटला तर नवा बसवतात. डोकं कुठून आणणार?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आम्ही मिनेसोटात सेंट क्लाउडला राहतो. शेजारी एक आजोबा आहेत. कुंपणापाशी विषय निघाला तर म्हणाले, मी कॉलेजात चार वर्षं फुटबॉल खेळलो, आणि सरावात मला एकदाही कुणी पाडलं नाही. मला वाटलं थट्टा करतायत. म्हणाले, "मी जॉनकडे खेळायचो." जणू जॉन कोण ते जगाला ठाऊक आहे!

तर हा जॉन म्हणजे जॉन गलार्डी. (इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन 'जी' आहेत, उच्चारताना दुसरा गिळायचा.) आमच्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर कॉलेजव्हिल नावाचं गाव आहे. गाव कसलं, बेनेडिक्टाइन साधूंचा मठ, तळं, रान, आणि मठानेच चालवलेलं सेंट जॉन्स विद्यापीठ. तिथे हा माणूस १९५३ ते २०१२ अशी साठ वर्षं फुटबॉलचा कोच होता. त्याआधी मोंटानातल्या हेलेना गावी कॅरोल कॉलेजात चार वर्षं. कॉलेज कोच म्हणून एकूण ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरीत. कॉलेज फुटबॉलमध्ये, लहान-मोठी सगळी कॉलेजं धरून, एवढे सामने दुसऱ्या कुणीही जिंकलेले नाहीत.

पण मला आकड्यांपेक्षा सुरुवात आवडली. १९४३ साल. कोलोरॅडोच्या दक्षिण टोकाला ट्रिनिडॅड नावाचं कोळसा खाणींचं गाव. जॉन तिथल्या कॅथलिक हायस्कुलात शेवटच्या वर्गात, टीमचा कॅप्टन, वय सोळा. महायुद्ध चालू. कोचला सैन्यात बोलावणं आलं. शाळा म्हणाली, कोच नाही तर यंदा फुटबॉल बंद. तेव्हा हा पोरगा पुढे झाला: बंद करू नका, मी शिकवतो. आणि शाळेने चक्क हो म्हटलं.

आता सोळा वर्षांच्या पोराच्या हाती टीम आली तर तो पहिलं काय करेल? आपल्याला स्वतःला जे जे नकोसं व्हायचं ते काढून टाकेल. जॉनने तेच केलं. मैदानाला फेऱ्या बंद. सुरुवातीची कवायत बंद. तहान लागली तर पाणी प्या. (त्या काळात सरावात पाणी पिणं म्हणजे कमजोरी समजत.) राहिलेल्या वेळात फक्त सामन्यात जे करायचं तेच पुन्हा पुन्हा. ट्रिनिडॅडची पोरं लीग जिंकली!

पुढे कोलोरॅडो स्प्रिंग्जला तो स्वतः कॉलेजात शिकत असताना तिथल्या सेंट मेरीज हायस्कुलाला शिकवत होता. १९४९ ला पदवी, आणि बाविसाव्या वर्षी थेट कॅरोल कॉलेजचा कोच. तिथे २४ विजय, ६ पराभव, १ बरोबरी. मग सेंट जॉन्स. आधीचा कोच जॉनी ब्लड मॅकनॅली, स्वतः व्यावसायिक फुटबॉलमधला नावाजलेला खेळाडू. जाताना तो सांगून गेला म्हणे की इथे कुणीच जिंकू शकणार नाही. गलार्डीने पहिल्याच मोसमात लीगचं विजेतेपद वाटून घेतलं.

त्याची पद्धत म्हणजे नुसती नकारांची यादी. सरावात टॅकल, म्हणजे पाडापाडी, नाही. शिट्टी नाही. दीड तासापेक्षा जास्त सराव नाही. वजनं उचलायची सक्ती नाही. चालींचं जाडजूड प्लेबुक नाही. पाऊस, कडाक्याची थंडी किंवा डास फार असतील तर सराव नाही. (इथले डास पाहिले नसतील त्यांना हा विनोद वाटेल.) कुणालाही टीममधून काढायचं नाही, त्यामुळे दीडशेच्या वर पोरं टीममध्ये. आणि 'कोच' म्हणायचं नाही, जॉन म्हणायचं.

आजोबांनी एक व्यायाम मला करून दाखवला, आमच्याच अंगणात. गवतावर उताणे झोपले, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हवा काय छान आहे आज, नाही?" झालं, वॉर्मअप संपला. उठायला मात्र हात द्यावा लागला.

प्रश्न असा, की हे सगळं वाचून मी फॉर्मवर सही मागावी का?

---

कुसुमावती

फार आवडलं! फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण पाण्याचं वाचून थेट शाळेच्या मैदानावर गेले. मी सांगली जिल्ह्यात खो-खो खेळायचे. आमचे सर (नाव-गाव नको, आता हयात नाहीत) मे महिन्याच्या शिबिरात दोन-दोन तास पाणी देत नसत. "पाणी प्यायलं की पोट जड होतं, पोट जड झालं की खांब चुकतो." माठ समोर असायचा, लाल फडकं गुंडाळलेला, त्यावर पितळी ओगराळं. त्याच्याकडे बघत आम्ही पाटीवर बसायचो. एकदा मी आणि माझी मैत्रीण पळता पळता मुद्दाम माठाच्या बाजूने वळलो आणि ती ओगराळं घेऊन पळाली. दोघींना वीस फेऱ्या.

सर वाईट नव्हते हो. त्यांना त्यांच्या सरांनी तेच शिकवलं होतं.

---

अर्धवट_पैलवान

लेख झकास, पण एक गोष्ट पटली नाही. मातीत पडल्याशिवाय पैलवान होत नाही. कोल्हापूरला तालमीत मी चार वर्षं होतो. रोज पहाटे जोर, बैठका, मग लढत. वस्ताद सांगायचे, जो सरावात पडला नाही तो मैदानात पडतोच. लढतच नाही घेतली तर डाव अंगात कसा मुरणार? हे म्हणजे पाण्यात न उतरता पोहायला शिकण्यासारखं झालं.

अवांतर: वस्तादांना नावाने हाक मारली असती तर चार वर्षं काय, चार मिनिटंसुद्धा टिकलो नसतो.

---

गारठलेला_सातारकर

@कुसुमावती, ओगराळ्याचा किस्सा हिला वाचून दाखवला. हिच्या शाळेतही तसंच होतं म्हणे.

@पैलवान, हाच प्रश्न मी आजोबांना विचारला. त्यांचं म्हणणं, सराव ढिला नव्हता, फक्त टक्कर नव्हती. समोरच्या टीमची प्रत्येक चाल फिल्मवर पाहून ती मैदानावर इतक्या वेळा उभी करायचे की सामन्यात चेंडू हलायच्या आत कळायचं तो कुठे जाणार. पाडायची वेळ आली की जागेवर पोहोचून थांबायचं. "योग्य जागी पोहोचलास की पाडणं ही फार मोठी कला नाही. जागेवर पोहोचणं ही कला." शिवाय क्वार्टरबॅकला, म्हणजे जो चेंडू खेळवतो त्याला, ऐन रेषेवर चाल बदलायची मोकळीक. इतर ठिकाणी चाल बाहेरून कोच पाठवतो. इथे एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा समोरची मांडणी वाचून स्वतः ठरवायचा.

आणि हे चाललं की नाही याचा हिशोब: राष्ट्रीय विजेतेपद चार वेळा, १९६३, १९६५, १९७६ आणि २००३. तीन वेगवेगळ्या दशकांतल्या टीम नव्हेत फक्त, खेळच वेगळा होत गेला होता. १९६३ च्या अंतिम सामन्यात टेक्सासच्या प्रेअरी व्ह्यूला ३३-२७. १९७६ ला टाउसन स्टेटला ३१-२८. २००३ ला समोर माउंट युनियन, सलग ५५ सामने न हरलेली टीम. सेंट जॉन्सने २४-६ ने हरवलं. तेव्हा जॉन सत्त्याहत्तर वर्षांचा होता.

---

शंकेखोर

माहितीपूर्ण. पण थोडं खुसपट काढतो, रागावू नका.

एक. सेंट जॉन्स हे 'डिव्हिजन थ्री'. म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, स्टेडियममध्ये लाखभर लोक नाहीत. टीव्हीवर दिसतं ते कॉलेज फुटबॉल वेगळं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे राज्य विद्यापीठाचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो, गव्हर्नर नव्हे. तिथे दोन मोसम हरलात की सामान आवरा. 'डास आहेत, आज सराव नको' हे मठाच्या आवारात चालतं.

दोन. दीडशे पोरांची टीम असलेलं कॉलेज छोट्या लीगमध्ये जिंकणारच. १९९३ ला त्यांनी सामन्यामागे सरासरी ६१ च्या वर गुण केले होते. एवढे गुण होतात तेव्हा कोचची महती किती आणि समोरच्यांची दुबळीक किती, हेही पाहावं. शेवटी शेवटी शेजारचं सेंट थॉमस त्यांच्या वरचढ झालंच होतं.

तीन, आणि हा तुमच्यासाठी महत्त्वाचा. गलार्डीकडे पोरं यायची ती अठराव्या वर्षी, हायस्कुलात चार वर्षं टॅकल करून. मातीत पडून झाल्यावर! फुकटात तयार पैलवान मिळत असेल तर तालीम कशाला हवी? पण तुमचा मुलगा नववीत आहे. त्याला पाडायला आणि पडायला कुठेतरी कुणीतरी शिकवावंच लागणार. गलार्डीचं उदाहरण तुमच्या फॉर्मला लागू नाही.

---

अर्धवट_पैलवान

शंकेखोर, तिसऱ्या मुद्द्याला कडक +१. हेच म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते.

---

गारठलेला_सातारकर

तिसरा मुद्दा लागला. काल रात्री बराच वेळ त्यावरच विचार करत होतो.

पहिल्या दोनांबद्दल एवढंच: त्याच लीगमध्ये त्याच नियमांनी खेळणारी बाकी कॉलेजंही होती, त्यांनाही कुणी दीडशे पोरं घेऊ नका म्हटलं नव्हतं. ती पोरं तिथे का जायची, हाच तर मुद्दा आहे. सरावात लंगडं होऊन बाकावर बसायचं नव्हतं म्हणून.

तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

सिनसिनाटीकर

उशिरा आलो. हायस्कूल विरुद्ध कॉलेज हा विषय निघालाय तर आमच्या गावची गोष्ट सांगायलाच हवी. इकडे ओहायोत गलार्डीचं नाव कुणी काढत नाही, जेरी फाउस्टचं काढतात.

सिनसिनाटीला मोलर नावाचं मुलांचं कॅथलिक हायस्कूल आहे. शाळा १९६० ला सुरू झाली आणि फाउस्टने तिथला फुटबॉल शून्यातून उभा केला. हिशोब ऐका: १७४ विजय, १७ पराभव, २ बरोबरीत. सात मोसम एकही सामना न हरता. शेवटच्या सहा वर्षांत राज्याचं विजेतेपद पाच वेळा. पुढे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती झालेले जॉन बेनर याच फाउस्टच्या हाताखाली खेळलेले.

फाउस्टचं लहानपणापासून एकच स्वप्न, नोत्र दाम. नोत्र दाम विद्यापीठ म्हणजे कॅथलिक फुटबॉलची पंढरी. तिथली नोकरी मागणारं पत्र त्याने आधीच पाठवून ठेवलं होतं. १९८० च्या शेवटी आधीचा कोच डॅन डिव्हाइन तिथून निघाला आणि विद्यापीठाने खरंच या हायस्कूलच्या कोचला बोलावलं. कॉलेजात साधा सहायकसुद्धा न राहिलेला माणूस एकदम देशातल्या सगळ्यात मानाच्या खुर्चीवर! पेपरवाले त्याला 'धाडसी प्रयोग' म्हणायचे.

१९८१ चा पहिला सामना एलएसयूविरुद्ध (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) २७-९ ने जिंकला, टीम देशात पहिल्या क्रमांकावर. दुसऱ्याच आठवड्यात मिशिगनने २५-७ ने झोडपलं. मोसम संपला तेव्हा ५ विजय, ६ पराभव. मग चार वर्षं तेच रडगाणं. एअर फोर्सकडून लागोपाठ चार वर्षं हार. एअर फोर्स म्हणजे भावी वैमानिकांची टीम, तिथे कुणी नोत्र दामला हरवायला जात नाही! 'आउस्ट फाउस्ट' (फाउस्टला हाकला) असे फलक लागायचे. १९८५ ला त्याने स्वतःच राजीनामा जाहीर केला, आणि त्यानंतरचा शेवटचा सामना मायामीने ५८-७ असा जिंकला. एकूण ३० विजय, २६ पराभव, १ बरोबरी. पुढे अ‍ॅक्रन विद्यापीठात नऊ मोसम, ४३-५३-३.

का झालं असं? इकडच्या जुन्या लोकांचं मत मला पटतं. मोलरला फाउस्टची पोरं चौदाव्या वर्षापासून त्याच्या हाताखाली असायची. प्रार्थना, शिस्त, आरडाओरडा, मिठ्या, सगळं त्यांना सवयीचं. आणि समोरच्या शाळांकडे तेवढी तयारी नसायची. नोत्र दामला समोरचाही तितकाच तयार. तिथे उत्साहावर फार काळ चालत नाही. गंमत म्हणजे जाताना तो चांगली पोरं मागे ठेवून गेला. टिम ब्राउन त्यानेच आणलेला, १९८७ ला त्याला हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मानाचा पुरस्कार, मिळाली. त्याच्या जागी आलेल्या लू होल्ट्झने १९८८ ला राष्ट्रीय विजेतेपद घेतलं.

आणि तरीही फाउस्टबद्दल वाईट बोलणारा माणूस सापडणार नाही. आयुष्यभर नोत्र दामच्या सामन्यांना जायचा, लोकांना मिठ्या मारायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी गेला.

माझा मुद्दा: हायस्कूलचा कोच आणि कॉलेजचा कोच हे एकाच धंद्याचे दोन मजले नाहीत, दोन वेगळे धंदे आहेत. कॅलिफोर्नियातल्या डी ला साल हायस्कूलचा बॉब लाडुसूर बघा. १९९२ ते २००४ या काळात त्याच्या शाळेने सलग १५१ सामने जिंकले. तो कॉलेजात गेलाच नाही. शाळेत राहिला, ३९९ विजय घेऊन थांबला. ४०० साठीसुद्धा नाही थांबला!

---

शंकेखोर

३९९ वर थांबायचं! मी असतो तर अजून एक सामना खेळून पेढे वाटले असते.

सिनसिनाटीकर, फाउस्टचा किस्सा पहिल्यांदाच कळला. पण मग गलार्डी हायस्कुलातून कॉलेजात गेला तो कसा टिकला?

---

सिनसिनाटीकर

माझा अंदाज सांगतो. फाउस्ट पंचेचाळिशीत गेला, सवयी पक्क्या झालेल्या, आणि थेट पंढरीला. गलार्डी बाविशीत गेला, तेही हेलेनाला, जिथे हरलात तरी कुणी फलक लावत नाही. शिवाय फाउस्टने मोलरचं सगळं सोबत नेलं. गलार्डीकडे सोबत न्यायला काही नव्हतंच, त्याने टाकूनच दिलं होतं सगळं.

---

नस_आणि_शीर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुख्य प्रश्न डोक्याचा आहे म्हणून लिहिते.

पिट्सबर्गला २००२ मध्ये डॉ. बेनेट ओमालू यांनी माइक वेबस्टर या निवृत्त खेळाडूच्या मेंदूची तपासणी केली आणि फुटबॉलपटूंमधला सीटीई हा, डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे होणारा मेंदूचा आजार समोर आला. लोकांना वाटतं की शुद्ध हरपण्याइतका मोठा मार लागला तरच धोका. पण काळजी आहे ती लहान लहान धक्क्यांची, जे लागतात आणि खेळाडू उठून पुढच्या चालीला उभा राहतो. वर्षानुवर्षं. बाहेरून काहीच दिसत नाही.

आता साधा हिशोब करा. सामना आठवड्याला एक, सराव चार-पाच दिवस. म्हणजे धक्के कमी करायची सगळ्यात मोठी संधी सरावात. गलार्डीला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याचा हिशोब साधा होता, मंगळवारी जखमी झालेला पोरगा शनिवारी खेळत नाही. पण औषध तेच निघालं. डार्टमथ कॉलेजचे कोच बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये सरावात एकमेकांना पाडणं बंद केलं, पोरं डमीवर आणि नंतर तर रिमोटवर पळणाऱ्या बाहुल्यावर टॅकल शिकायची. टीम आधीपेक्षा चांगली खेळायला लागली. २०१६ ला आयव्ही लीगमधल्या, म्हणजे डार्टमथच्याच लीगमधल्या, सगळ्या कॉलेजांनी मोसमातल्या सरावात टॅकल बंद करायचं ठरवलं. व्यावसायिक एनएफएलमध्येही २०११ च्या करारानुसार नियमित मोसमात पॅड घालून सराव फक्त चौदा वेळा.

शंकेखोरांचा तिसरा मुद्दा मला अर्धाच मान्य आहे. नवख्याला टॅकल शिकवायला हवं, बरोबर. डोकं खाली घालून घुसणारा पोरगा सगळ्यात आधी मान दुखावून घेतो. पण शिकवायला डमी चालतो. सावकाश, गुडघ्यावर बसून चालतं. चौदा वर्षांच्या दोन पोरांनी दहा पावलांवरून पळत येऊन एकमेकांवर आदळायची गरज शिकवण्यासाठी नसते, बघणाऱ्यांच्या मजेसाठी असते. पैलवानांनी रागावू नये.

तेव्हा सही करा की करू नका हे मी सांगणार नाही. शाळेच्या कोचना तीन प्रश्न विचारा. आठवड्यात पूर्ण टक्करीचा सराव किती मिनिटं? डोक्याला लागल्यावर पुन्हा खेळू द्यायचं हे कोण ठरवतं, कोच की वैद्यकीय माणूस? आणि उन्हाळ्यात पाणी कसं देता? तिसरा प्रश्न हलक्यात घेऊ नका. तुमच्याच मिनेसोटात २००१ च्या ऑगस्टमध्ये व्हायकिंग्ज या व्यावसायिक टीमचा कोरी स्ट्रिंगर सरावात उष्माघाताने गेला. सत्तावीस वर्षांचा, तीनशे पौंडांच्या वरचा गडी.

---

अर्धवट_पैलवान

रागावलो नाही, ताई. उलट आठवलं की वस्ताद नवख्या पोराला पहिले काही महिने लढत देतच नसत. माती उकरायची, जोर मारायचे, आणि मोठ्यांच्या लढती बघायच्या. मी ते विसरलोच होतो. आपल्याला नंतरचंच आठवतं.

---

कुसुमावती

शिट्टी नाही, मग पोरं थांबायची कशी? आमच्या खो-खोत शिट्टीशिवाय पानही हलत नाही.

आणि 'जॉन' म्हणायचं हे मला अजून पचत नाहीये. मराठीत लिहिताना तुम्ही 'तो' लिहिताय, ते मात्र बरोबर वाटतंय. 'जॉनसरांनी सराव घेतला' असं लिहिलं असतं तर तो उठून उभा राहिला असता.

---

गारठलेला_सातारकर

@कुसुमावती, बोलून थांबायची! दीड तासच असतो आणि काय करायचं ते ठाऊक असतं, तर शिट्टी कशाला, असं आजोबा म्हणाले. 'तो'बद्दल: आधी 'त्यांनी' लिहिलं होतं, मग सगळीकडे खोडलं. सत्तरी पार केलेले आजोबा आपल्या कोचला आजही जॉन म्हणतात, तिथे मी कोण.

@नस_आणि_शीर, तिन्ही प्रश्न कागदावर लिहून घेतलेत. मनापासून आभार.

---

गारठलेला_सातारकर

धागा वर काढतोय, दोन महिन्यांनी.

शाळेच्या कोचला भेटलो. तरुण आहे, दिवसा गणित शिकवतो. पहिल्या प्रश्नाला त्याने वही काढली आणि मिनिटं दाखवली. दुसऱ्याला म्हणाला, मी नाही ठरवत, मला तो अधिकारच नाही. तिसऱ्याला हसला आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीकडे बोट केलं, नळाला चार तोट्या होत्या. हिने जाऊन तोटी फिरवून पाहिली. पाणी आलं. मग मला म्हणाली, पेन आहे का.

सही झाली, पण अटीवर: यंदाचं एकच वर्ष, पुढच्या वर्षी पुन्हा नवा फॉर्म आणि नवी चर्चा. चिरंजीव दुसऱ्या फळीत आहेत, आतापर्यंत दोन सामन्यांत मिळून सहा चाली खेळले. एकदा पाडलं, एकदा पडले. मी व्हिडिओ काढायला गेलो आणि अंगठ्याचा काढला.

गेल्या शनिवारी आजोबा आम्हाला कॉलेजव्हिलला घेऊन गेले. क्लेमेन्स स्टेडियम खळग्यात आहे, भोवती उतारावर लोक आणि मागे मेपलची झाडं, आता लाल व्हायला लागलेली. वरून मठाचा घंटा टांगलेला तो काँक्रीटचा प्रचंड फलक दिसतो, वास्तुकार मार्सेल ब्रॉयरने बांधलेला. २००३ च्या नोव्हेंबरात याच मैदानावर बेथेलला २९-२६ ने हरवून जॉनने कोच एडी रॉबिन्सनचा ४०८ विजयांचा विक्रम मोडला. आजोबा तेव्हा तिथे होते. "आम्हाला वाटलं हरतोय," एवढंच म्हणाले. जॉन २०१८ च्या ऑक्टोबरात गेला, एक्क्याण्णव वर्षांचा.

मध्यंतरात हिने आजोबांना विचारलं, चार वर्षांत एकदाही मार लागला नाही? त्यांनी उजव्या हाताची करंगळी दाखवली, वाकडी झालेली. "सामन्यात?" "नाही. वसतिगृहाच्या दारात सापडली."

---

शंकेखोर

करंगळीवर हरकत नाही. शाळेच्या कोचची वही आवडली. मुद्दा क्रमांक तीन तूर्तास मागे घेतो. पुढच्या वर्षीच्या फॉर्मला पुन्हा मांडीन.

---

कुसुमावती

तोटी फिरवून बघणाऱ्या वहिनींना माझा नमस्कार सांगा.

मठात ब्रेड मिळतो असं कुठेतरी वाचलं होतं, तिथलाच का हा मठ? कसा असतो?

---

गारठलेला_सातारकर

हो, तिथलाच. जॉनी ब्रेड म्हणतात. तपकिरी, जाडा, हाताला जड लागतो. आम्ही एक लादी घेतली होती, गाडी सेंट क्लाउडला पोहोचेपर्यंत चिरंजिवांनी अर्धी संपवली. उरलेली हिने लसणाच्या चटणीबरोबर खाल्ली. कृती माहीत नाही, पुढच्या शनिवारी विचारतो.